झार, लेनिन आणि आपले खानखोजे

रशियाचा इतिहास म्हटलं की आपल्याला शाळेचं पुस्तक आठवतं. झार वाईट होता, मग क्रांती झाली, मग पाच मार्कांची टीप! मी हा इतिहास जरा वेगळ्या वाटेने वाचला, एका वर्ध्याच्या माणसाच्या मागे मागे जात. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे. प्रतापनगरच्या आमच्या मेसमध्ये हे नाव काढलं तर बहुतेकांना फक्त मेक्सिको आठवलं. मेक्सिको तर खरंच, पण त्याच्या आधी मॉस्को आहे. मॉस्कोत काय झालं ते कळल्याशिवाय मेक्सिको नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

खानखोजे वर्ध्याला नोव्हेंबर १८८४ मध्ये जन्मले आणि पुढच्या शिक्षणाला नागपुरात आले. त्या वेळी रशियाच्या गादीवर तिसरा अलेक्झांडर होता. पुढच्याच वर्षी अफगाण सीमेवरच्या पंजदेहवरून रशिया आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटायचंच बाकी राहिलं होतं. इतक्या दूरचा रशिया आपल्या दाराशी कसा आला? नकाशा उघडून बसा. अवाढव्य सपाट प्रदेश, अडवायला मोठा डोंगर नाही, म्हणून तेराव्या शतकात मंगोल घोडेस्वार थेट आत शिरले आणि दोन शतकांच्या वर राज्य करून गेले. नद्या मोठ्या, पण युरोपातली सगळ्यात मोठी व्होल्गा जाऊन मिळते कॅस्पियनला, म्हणजे चारी बाजूंनी बंद पाण्याला. उत्तरेची बंदरं हिवाळ्यात गोठतात. मग जो कोणी गादीवर बसला तो बाहेर पडायची वाट शोधत राहिला. इव्हान चौथ्याने १५५२ ला कझान आणि १५५६ ला अस्त्राखान घेऊन व्होल्गा पूर्ण ताब्यात आणली. पीटरने १७०३ मध्ये बाल्टिकच्या दलदलीत सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं (सिव्हिलवाल्यांनी तो पाया एकदा वाचावाच). कॅथरिनने १७८३ मध्ये क्रिमिया जोडला. नंतरच्या झारांनी ताश्कंद घेतलं. राजे बदलले, वाट शोधणं तेच राहिलं.

पूर्वेची वाट म्हणजे सैबेरियाची रेल्वे, १८९१ ला सुरू झालेली. १९०४ मध्ये जपानशी लढाई जुंपली तेव्हा बैकल सरोवराभोवतीचा तुकडा अजून अपुराच होता. मग काय, गोठलेल्या सरोवराच्या बर्फावर रूळ टाकले आणि डबे घोड्यांनी ओढले! तरी १९०५ ला सुशिमाच्या समुद्रात झारचं आरमार बुडालं. आशियातल्या एका देशाने युरोपातल्या बादशहाला हरवलं, ही बातमी टिळकांच्या विचाराने भारलेल्या पोरांना किती चढली असेल! खानखोजे त्यातलेच. ते जपानमार्गे अमेरिकेला गेले, हाताला मिळेल ते काम करत शेतीशास्त्र शिकले, वॉशिंग्टन स्टेट कॉलेजची पदवी घेतली आणि गदर पक्षाच्या उभारणीत पहिल्या फळीत राहिले. दिवसा बियाणं, रात्री बंदूक, असला सगळा प्रकार.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ते इराणात पोचले. तिथे त्यांना झारशाही जवळून दिसली. १९०७ मध्येच इंग्रज आणि रशियाने इराणची वाटणी करून टाकली होती, उत्तर तुझी, आग्नेय माझी, आणि इराणला विचारायची कुणाला गरजही वाटली नाही. युद्धात झारची फौज कॅस्पियनच्या बंदरात उतरून खाली सरकली, दक्षिणेत इंग्रज. मधल्या टोळ्यांना हाताशी धरून इंग्रजांशी लढणाऱ्या मूठभर भारतीयांत आपले खानखोजे होते. इंग्रजांच्या हाती सापडले, निसटले, पण लढाई हरली.

आणि १९१७ ला झारच गेला. नव्या सरकारने फेब्रुवारी १९२१ मध्ये इराणशी तह करून झारच्या काळातले हक्क सोडून दिले. इराणात पोळलेल्या माणसाला हे केवढं वाटलं असेल! त्याच वर्षी बर्लिनहून वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, विवेकानंदांचे धाकटे भाऊ भूपेंद्रनाथ दत्त आणि इतर काही जण मदत मागायला मॉस्कोला गेले. त्यांच्यात खानखोजे होते.

मॉस्कोत मिळालं काय? मानवेंद्रनाथ रॉय तिथे आधीच पोचलेले, कॉमिन्टर्नचा कल त्यांच्याकडे. आपसात वाद, समित्या, ताटकळणं. मंडळी हात हलवत परतली. भूपेंद्रनाथांनी लेनिनला एक टिपण पाठवलं होतं. त्याचं उत्तर चार ओळींचं आलं. मतितार्थ असा की, वर्गांची चर्चा पुरे, भारतात शेतकऱ्यांच्या संघटना असतील तर त्यांची आकडेवारी गोळा करा. क्रांतीला बंदुका मागायला गेले आणि गृहपाठ घेऊन आले!

पण बाहेर काय चाललं होतं ते शेतीच्या माणसाच्या नजरेतून बघा. १९२१ ला व्होल्गाकाठी भीषण दुष्काळ होता, त्यात पन्नास लाखांच्या आसपास माणसं गेली. आपली विदर्भाची काळी जमीन बेसाल्ट खडकाची, त्यांची काळी जमीन हजारो वर्षं गवत कुजून झालेली, जगातल्या सगळ्यात सुपीक मातींपैकी. अशा मातीवर माणसं उपाशी मेली. पाऊस नव्हता हे खरं, पण त्याआधी सरकारने शेतकऱ्याच्या कोठारातलं धान्य सक्तीने उचललं होतं. ती सक्ती मार्चमध्ये उठवली, तोवर उशीर झाला होता. झार गेला तरी शेतकऱ्याचं दाणं राज्यकर्त्याच्या तावडीतून सुटलं नाही.

खानखोजे १९२४ च्या सुमारास मेक्सिकोला गेले आणि पुन्हा कोणत्याही सरकारकडे बंदूक मागितली नाही. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवलं. गहू आणि मक्याच्या नव्या जाती काढल्या. गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त शेतीशाळा उघडल्या. दिएगो रिवेराने त्यांना मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलं. तो गृहपाठ त्यांनी असा केला, असं म्हणायचा मोह मला आवरत नाही. वीणा गवाणकरांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र जरूर वाचा. हॉस्टेलवर एक होता कार्व्हर बहुतेकांनी वाचलेलं असतंच, हे त्याच लेखिकेचं.

इकडे रशियात स्टालिन आला. चट्टोपाध्याय नंतर सोव्हिएत रशियातच स्थायिक झाले होते, १९३७ मध्ये त्यांना गोळी घालण्यात आली. निकोलाय वाविलोव्ह, जगभरची बियाणं गोळा करणारा थोर शास्त्रज्ञ, १९३० मध्ये मक्याचं मूळ शोधत मेक्सिकोत येऊन गेला होता. त्याला १९४० ला पकडलं आणि जानेवारी १९४३ मध्ये तो सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून गेला. गाव व्होल्गाकाठचंच. खानखोजेंचंच शास्त्र, खानखोजेंचंच पीक, फक्त देश दुसरा. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

स्वातंत्र्यानंतर खानखोजे भारतात परतले. १९४९ मध्ये त्या वेळच्या मध्य प्रांताच्या सरकारने त्यांना शेतीच्या धोरणासाठी बोलावलं होतं. पुढे बेल्जियन पत्नी आणि दोन मुलींसह ते नागपुरातच राहिले. २२ जानेवारी १९६७ ला त्यांचं इथेच निधन झालं, तेव्हा क्रेमलिनमध्ये ब्रेझनेव्ह होता. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला.