आबे फारिया : अदृश्य द्रव नाकारणारे धर्मगुरू

बार्देशातील कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले जुझे कुस्तोदिओ फारिया रोममध्ये धर्मगुरू झाले. पॅरिसमध्ये मेस्मरच्या अदृश्य चुंबकीय द्रवाचा बोलबाला असताना, १८१३ पासून त्यांनी जाहीर प्रयोग आरंभिले. केवळ त्यांच्या आज्ञेने काही जण निद्राधीन होत, काही होत नसत. शक्ती प्रयोगकर्त्याची असती, तर असा भेद पडला नसता. कारण निद्रिताच्याच ठायी आहे, हा त्यांचा निष्कर्ष. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन त्यांना हास्यास्पद ठरविले. १८१९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ते विपन्नावस्थेत निवर्तले. ईश्वरावरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही. मात्र निसर्गात कारण सापडले, तेथे गूढ शक्तीला थारा दिला नाही. पणजीतील त्यांचा पुतळा याच विवेकाचे स्मारक होय.