लोखंडाला बोलते करणारा परीक्षक

२८ डिसेंबर १८७९ च्या रात्री स्कॉटलंडमधील टे नदीच्या मुखावरचा रेल्वेपूल वादळात कोसळला. पुलावरून डंडीकडे निघालेली गाडी नदीत गेली. तिच्यातील एकही माणूस वाचला नाही. पूल वाहतुकीस खुला होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. दोष वाऱ्याचा, लोखंडाचा की रचनेचा, याविषयी मतमतांतरांना ऊत आला. चौकशीसाठी पुलाचे अवशेष मात्र मते देणाऱ्याकडे नव्हे, तर वस्तू ताणून, तोडून तिचे बळ मोजणाऱ्याकडे पाठवण्यात आले. ते होते डेव्हिड कर्कॉल्डी.

योगायोग असा, की कर्कॉल्डी यांचा जन्मही १८२० मध्ये डंडीचाच. १८४३ मध्ये ते ग्लासगो येथील रॉबर्ट नेपियर यांच्या जहाजबांधणी कारखान्यात दाखल झाले आणि पुढे कुशल आरेखक म्हणून नावारूपाला आले. ‘पर्शिया’ या आगबोटीचे त्यांनी काढलेले आरेखन लंडनच्या रॉयल अकादमीत मांडले गेले.

पण त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते १८५८ मध्ये. बॉयलर आणि यंत्रांसाठी नेहमीचे घडीव लोखंड वापरावे की नवे पोलाद, असा प्रश्न नेपियर यांच्यापुढे होता. त्या काळी उत्पादकाचा शब्द आणि कारागिराची नजर हीच कसोटी असे. कर्कॉल्डी यांनी शेकडो नमुने ताणून पाहिले आणि १८६२ मध्ये सारे निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तुटलेली कड दाणेदार दिसली की लोखंड हलके, हा रूढ समज त्यांनी खोडून काढला. तेच लोखंड हळूहळू ताणले तर तंतुमय तुटते आणि एकाएकी झटका दिला तर दाणेदार, हे त्यांनी दाखवून दिले.

नोकरी सोडून त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक अजस्र यंत्र उभारले. सुमारे ४७ फूट लांब आणि ११६ टन वजनाचे हे यंत्र पाण्याच्या दाबावर चाले आणि साडेचारशे टनांच्या आसपास जोर लावू शके. ताणणे, दाबणे, वाकवणे, पिळणे अशा नाना कसोट्या त्यावर घेता येत. १ जानेवारी १८६६ रोजी लंडनच्या सदर्क भागात त्यांची परीक्षणशाळा सुरू झाली. १८७४ मध्ये ती नव्या इमारतीत गेली. इथे मते नव्हे, तथ्ये मिळतात, अशा अर्थाचे ब्रीद त्यांनी तिच्या दारावर कोरून घेतले.

टे पुलाच्या वेळी या ब्रीदाची परीक्षा झाली. पुलाचे ओतीव आणि घडीव लोखंड चांगल्या ताकदीचे निघाले. परंतु खांबांना बांधून ठेवणाऱ्या तिरप्या पट्ट्या व त्यांना धरणारे ओतीव कान सुमारे २० टन ताणालाच तुटले; अपेक्षा त्याहून कितीतरी अधिक होती. बोल्ट जिथे टेकत, नेमका तिथेच ताण एकवटत होता. काही कान तर मुळातच सदोष होते. धातू भक्कम, पण सांधा दुबळा, हे सत्य यंत्राने उघड केले.

१८९७ मध्ये कर्कॉल्डी यांचे निधन झाले. पुढे मुलाने आणि नातवाने ही परीक्षणशाळा चालवली. ते यंत्र त्याच इमारतीत संग्रहालयाच्या रूपाने जतन करण्यात आले. आज पुलासाठी वा इमारतीसाठी सळई घेताना चाचणीचा दाखला मागितला जातो. त्या साध्या कागदामागे या हट्टी स्कॉटिश माणसाची तपश्चर्या उभी आहे.