पंजाबराव देशमुख

डॉ. पंजाबराव शामराव देशमुख ऊर्फ भाऊसाहेब देशमुख (जन्म : पापळ, अमरावती जिल्हा, २७ डिसेंबर १८९८, मृत्यू : दिल्ली, १० एप्रिल १९६५) हे विदर्भातील समाजसुधारक, शिक्षणप्रसारक, शेतकऱ्यांचे नेते, संविधान सभेचे सदस्य आणि स्वतंत्र भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळातील कृषिमंत्री होते. श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे संस्थापक म्हणून ते महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. ऑगस्ट १९४९मध्ये संविधान सभेत नागरिकत्वाच्या तरतुदींवर चर्चा झाली, तेव्हा केवळ भारतात जन्म झाल्याच्या आधारे नागरिकत्व देण्यास त्यांनी ठाम विरोध केला. त्यांची उपसूचना फेटाळली गेली; मात्र त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न पुढील काळात भारतीय कायद्यात आणि भारताबाहेरही पुन्हा पुन्हा चर्चेला आला.

जन्म आणि शिक्षण

पंजाबरावांचा जन्म वऱ्हाडातील पापळ या गावी शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव शामराव आणि आईचे नाव राधाबाई. कुटुंबाचे मूळ आडनाव कदम होते. देशमुखी वतनामुळे देशमुख हे आडनाव रूढ झाले. प्रारंभीचे शिक्षण पापळ, चांदूर रेल्वे आणि कारंजा येथे घेतल्यानंतर ते अमरावतीच्या हिंदू हायस्कूलमध्ये दाखल झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असतानाच १९२०मध्ये ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. एडिंबरो विद्यापीठातून त्यांनी एम.ए. ही पदवी घेतली. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावरील प्रबंधासाठी त्यांना ऑक्सफर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. याच काळात ते बॅरिस्टरही झाले. १९२६मध्ये भारतात परतल्यावर त्यांनी अमरावती येथे वकिली सुरू केली.

वऱ्हाडची राजकीय स्थिती

पंजाबरावांचा जन्म ज्या प्रदेशात झाला, तेथील लोकांचे कायदेशीर स्थान गुंतागुंतीचे होते. वऱ्हाड हा हैदराबादच्या निजामाच्या मालकीचा प्रदेश १८५३च्या तहाने ब्रिटिशांच्या कारभाराखाली आला आणि १९०२मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांना देण्यात आला. १९०३पासून त्याचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला. तरीही निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री कायम राहिले. १९३५च्या भारत सरकार कायद्यात निजामाच्या वऱ्हाडी प्रजाजनांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. राजनिष्ठेच्या शपथेचा अपवाद वगळता त्यांना ब्रिटिश राजाच्या प्रजाजनांप्रमाणे मानावे, अशी तरतूद त्यात होती.

या व्यवस्थेमुळे एकाच प्रांतातील दोन शेजारी जिल्ह्यांत जन्मलेल्या माणसांचे स्थान वेगवेगळे होते. वर्धा जिल्हा पूर्वीच्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील असल्याने थेट ब्रिटिश प्रदेशात मोडत होता. त्यामुळे सिंदी (रेल्वे) येथे जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश राजाची प्रजा ठरत असे. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेले, की तेथे जन्मलेली व्यक्ती कायद्याच्या भाषेत निजामाची वऱ्हाडी प्रजा होती. भाषा, पीकपाणी आणि सोयरीक यांत दोन्ही तीरांवर फारसा फरक नव्हता. संस्थानी प्रजा आणि ब्रिटिश प्रजा हा भेद मिटवून सर्वांना एकच नागरिकत्व देणे, हे संविधान सभेपुढील एक मोठे काम होते.

सामाजिक कार्य

अमरावती येथील अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा, यासाठी १९२७मध्ये झालेल्या चळवळीत पंजाबरावांनी पुढाकार घेतला. या चळवळीच्या निमित्ताने भरलेल्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीस आले होते. त्याच वर्षी पंजाबरावांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी वऱ्हाडात असा विवाह ही धाडसाची गोष्ट होती. विमलाबाई पुढे राज्यसभेच्या सदस्य झाल्या. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना एकत्र राहता यावे, म्हणून पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय सुरू केले.

१९२८मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. या पदावर असताना त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पुरस्कार केला. १९३० ते १९३३ या काळात ते मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायदेमंडळात मंत्री होते आणि शिक्षण व कृषी ही खाती त्यांच्याकडे होती. कर्जबाजारी शेतकऱ्यांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी कायदा व्हावा, म्हणून त्यांनी प्रयत्न केले. देवस्थानांच्या संपत्तीचा विनियोग लोकोपयोगी कामांसाठी व्हावा, या हेतूने त्यांनी कायदेमंडळात विधेयकही मांडले. याच दशकाच्या प्रारंभी त्यांनी अमरावती येथे श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली. खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी या संस्थेच्या शाळा व महाविद्यालये विदर्भभर उभी राहिली.

संविधान सभा आणि नागरिकत्वाचा प्रश्न

मध्य प्रांत व वऱ्हाडातून पंजाबराव संविधान सभेवर निवडून आले. नागरिकत्वाचा विषय सभेपुढे प्रथम २९ एप्रिल १९४७ रोजी आला. भारतीय संघराज्यात जन्मलेली आणि त्याच्या अधिकारक्षेत्रात असलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक ठरावी, असे मूलभूत हक्कांविषयीच्या अहवालात सुचवण्यात आले होते. या शब्दरचनेचे अमेरिकेच्या राज्यघटनेतील १४व्या दुरुस्तीशी साम्य होते. १८६८मध्ये झालेल्या त्या दुरुस्तीने मुक्त झालेल्या गुलामांना आणि त्यांच्या संततीला नागरिकत्वाची हमी दिली. पंजाबरावांच्या जन्माच्याच वर्षी, २८ मार्च १८९८ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वाँग किम आर्क खटल्याचा निकाल दिला. चिनी आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेली व्यक्ती जन्मानेच अमेरिकन नागरिक आहे, असे त्या निकालाने ठरले.

१९४७च्या चर्चेत काही सदस्यांनी आक्षेप घेतला, की प्रवासात असलेल्या परकीयांची मुलेही या तरतुदीमुळे नागरिक ठरतील. सरदार वल्लभभाई पटेल यांनी उदार भूमिकेचा पुरस्कार केला. अशी मुले संख्येने थोडीच असतील आणि तेवढ्यासाठी राज्यघटनेत वंशभेदाची भाषा आणणे योग्य नाही, असे त्यांचे मत होते. एकमत न झाल्याने हे कलम पुढील विचारासाठी ठेवण्यात आले. दरम्यान फाळणी झाली, लाखो लोक सीमा ओलांडून आले आणि गेले, आणि नागरिक कोण हा प्रश्न कितीतरी अवघड झाला.

१० ऑगस्ट १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी सुधारित कलमे सभेपुढे मांडली. राज्यघटना अमलात येताना नागरिक कोण असेल, एवढेच या कलमांनी ठरवायचे असून कायमस्वरूपी कायदा करण्याचे काम संसदेवर सोपवले आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. मसुद्यानुसार भारतात अधिवास असलेली व्यक्ती तीनपैकी एका आधारावर नागरिक ठरणार होती : तिचा स्वतःचा भारतातील जन्म, आई किंवा वडील यांचा भारतातील जन्म, अथवा लगतपूर्वी किमान ५ वर्षांचे भारतातील सर्वसाधारण वास्तव्य.

पंजाबरावांनी ११ ऑगस्ट रोजी या मसुद्यावर टीका केली. या तरतुदींमुळे भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईहून जाणाऱ्या परदेशी प्रवासी स्त्रीला तेथे मूल झाले, तर केवळ त्या योगायोगाने ते नागरिकत्वावर हक्क सांगू शकेल, असे उदाहरण त्यांनी दिले. ५ वर्षांच्या वास्तव्याच्या अटीत वास्तव्याच्या हेतूची चौकशी नाही आणि देशाला अपाय करू पाहणाऱ्यालाही तिचा लाभ मिळू शकेल, हा त्यांचा दुसरा आक्षेप होता. इतर देशांत नागरिकत्व मिळवणे किती अवघड आहे, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. या आक्षेपामागे तत्कालीन भारतीयांचा अनुभव होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३मध्ये भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व नाकारले होते, आणि १९४६च्या कायद्याने तो मार्ग खुला झाल्यानंतरही भारतीयांसाठी वर्षाला केवळ १०० जणांच्या स्थलांतराची मर्यादा होती.

पंजाबरावांच्या उपसूचनेचे दोन भाग होते. पहिल्यानुसार भारतात राहणारी आणि भारतीय आईवडिलांच्या पोटी जन्मलेली, अथवा परकीयांना नागरिकत्व देण्याच्या कायद्यानुसार स्वीकारली गेलेली व्यक्ती नागरिक ठरणार होती. दुसऱ्यानुसार धर्माने हिंदू किंवा शीख असलेली आणि अन्य कोणत्याही राष्ट्राची नागरिक नसलेली व्यक्ती, ती कोठेही राहत असली तरी, भारताच्या नागरिकत्वास पात्र ठरणार होती. फाळणीनंतर हिंदू आणि शिखांना हक्काची म्हणावी अशी दुसरी भूमी उरलेली नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

दुसऱ्या भागावर सभेत तीव्र मतभेद झाले. काही सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला. आर. के. सिधवा यांनी हिंदू व शिखांचाच उल्लेख का आणि पारशी व ख्रिस्ती यांचा का नाही, असा प्रश्न उपस्थित केला. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी नागरिकत्वात धर्म वा वंशाच्या आधारे भेद करण्यास विरोध केला. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनीही मसुद्याचे समर्थन केले. १२ ऑगस्ट रोजी पंजाबरावांची उपसूचना फेटाळण्यात आली आणि कलम ५ मंजूर झाले. नागरिकत्वाची कलमे इतर बहुतांश राज्यघटनेच्या आधी, २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच अमलात आली.

मंदिरे आणि विहिरी सर्वांसाठी खुल्या करण्यासाठी झगडलेल्या पंजाबरावांनी नागरिकत्वाच्या बाबतीत धर्माची अट सुचवली, याकडे या चर्चेचा अभ्यास करताना लक्ष जाते. त्यांच्या उपसूचनेवर फाळणीच्या ताज्या अनुभवाची छाप होती. तिचा विचार करताना तिचे दोन भाग वेगळे पाहणे आवश्यक ठरते : एक जन्मस्थानाऐवजी आईवडिलांच्या नागरिकत्वाला महत्त्व देणारा आणि दुसरा धर्माला महत्त्व देणारा.

केंद्रीय मंत्रिपद

१९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही सार्वत्रिक निवडणुकांत पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ या काळात त्यांनी केंद्रात कृषी खात्याचे काम पाहिले. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा प्रसार त्यांच्या कारकिर्दीत झाला. १९५५मध्ये त्यांनी भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची संघटना स्थापन केली. तिच्या पुढाकाराने दिल्ली येथे भरलेल्या जागतिक कृषी प्रदर्शनाच्या डिसेंबर १९५९मधील उद्घाटनास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर उपस्थित होते.

पंजाबराव मंत्री असतानाच संसदेने नागरिकत्व अधिनियम, १९५५ संमत केला. परकीय राजदूतांची मुले आणि शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात जन्मलेली शत्रुराष्ट्रीयांची मुले वगळता, २६ जानेवारी १९५० रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती या कायद्याने नागरिक ठरली. अशा रीतीने ज्या तत्त्वाला पंजाबरावांनी विरोध केला होता, तेच तत्त्व ते सदस्य असलेल्या शासनाच्या काळात कायद्यात आले.

पुढील काळातील बदल

पंजाबरावांच्या निधनानंतर हे तत्त्व टप्प्याटप्प्याने मर्यादित होत गेले. १९८६च्या दुरुस्तीमुळे १ जुलै १९८७पासून भारतात जन्मलेल्या मुलाच्या आईवडिलांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. २००३च्या दुरुस्तीनुसार ३ डिसेंबर २००४पासून आईवडील दोघेही नागरिक असणे, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणे, ही अट आली. उपसूचनेच्या पहिल्या भागातील विचार अशा प्रकारे बऱ्याच अंशी कायद्यात उतरला. २०१९च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या, नामनिर्देशित ६ धर्मसमुदायांतील व्यक्तींना सवलत दिली. तेव्हा संसदेत आणि संसदेबाहेर झालेल्या वादात धर्म आणि नागरिकत्व यांच्या संबंधाचा १९४९मधील प्रश्न पुन्हा पुढे आला.

हे बदल साध्या कायद्याने होऊ शकले, याचे कारण राज्यघटनेच्या कलम ११मध्ये आहे. नागरिकत्व मिळणे आणि संपुष्टात येणे यांविषयी कायदा करण्याचा अधिकार या कलमाने संसदेला दिला आहे. भारताचे राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. त्यांनी काढलेला अध्यादेशही संसदेपुढे ठेवावा लागतो, आणि अधिवेशन सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांत तो मंजूर न झाल्यास संपुष्टात येतो. अमेरिकेत मात्र जन्माधारित नागरिकत्व राज्यघटनेतच नमूद आहे. त्यामुळे बेकायदा किंवा तात्पुरत्या वास्तव्यास असलेल्या परकीयांच्या मुलांना ते नाकारणारा आदेश राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी काढला, तेव्हा वाद केवळ धोरणापुरता राहिला नाही. राज्यघटनेतील शब्दांची व्याप्ती राष्ट्राध्यक्ष आपल्या आदेशाने कमी करू शकतात का, हा प्रश्न न्यायालयांपुढे गेला आणि अनेक संघीय न्यायालयांनी आदेशाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली.

निधन आणि स्मृती

पंजाबराव देशमुख यांचे १० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे निधन झाले. १९६९मध्ये अकोला येथे स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले असून ते आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. विदर्भात शिक्षणमहर्षी आणि कृषिमहर्षी म्हणून त्यांचे स्मरण केले जाते. नागरिकत्वावरील त्यांचे भाषण संविधान सभेच्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तांतात नोंदले गेले असून, नागरिकत्व जन्मस्थानावर ठरावे की वंशावर, या वादाच्या अभ्यासात त्याचा संदर्भ घेतला जातो.