पंडिता रमाबाई आणि केडगावचे मुक्तिसदन

पंडिता रमाबाईंची विद्वत्ता आमच्या वाचकांस ठाऊक आहेच; त्यांचे निराश्रितपण मात्र क्वचितच सांगितले जाते. सन १८७४ साली आईबाप उपासमारीने गेले, मागोमाग वडील बहीण; १८८० त बंधू श्रीनिवास व १८८२ त पती बिपिनबिहारी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा, आणि हक्काचे घर कोठेच नाही!

१८८९ त बाईंनी मुंबईस विधवांकरिता शारदासदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६ त मध्यप्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा केवळ पैसे न पाठविता त्या स्वतःच तिकडे गेल्या. पोरक्या मुली व तरुण विधवा ह्यांस फसवून नेणारे दुष्ट लोक तेथे टपलेलेच होते. बाईंनी शेकडो जणींस आपल्याबरोबर आणिले. पण प्लेगामुळे पुण्यात त्यांस ठेवण्याची मनाई झाली. सदनाच्या खर्चाकरिता केडगावास फळबागेची जमीन घेतलेली होती. तीच कामास आली.

१९०० त गुजराथच्या दुष्काळपीडितांची भर पडून वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. तेथे अन्नाबरोबर हातास कामही मिळे: शेती, विणकाम, छापखाना. आम्हांस हीच गोष्ट विशेष वाटते. जिला समाजाने टाकिले अशा स्त्रीकरिता तर कृपासदन निराळेच होते.

१९२१ त मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईही प्रभूत निजल्या. केडगावचे सदन अद्याप चालू आहे.