मिस एडिथ कॅव्हेल

मिस एडिथ कॅव्हेल यांचें मरण कसें झालें हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्या परिचारिका कशा झाल्या हें फार थोड्यांस माहीत असतें. आमच्या मतें हाच भाग विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं अधिक वाचण्यासारखा आहे.

त्यांचा जन्म ४ डिसेंबर १८६५ रोजीं इंग्लंडांतील नॉर्फक परगण्यांत, स्वार्डेस्टन या खेड्यांत झाला. वडील तेथील पाळक होते. मिळकत बेताची, म्हणून मोठेपणीं एडिथबाईंनीं मुलांच्या शिक्षिकेची नोकरी पतकरली. त्यांतील पांच वर्षें बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथें एका कुटुंबांत गेलीं. १८९५ सालीं वडील आजारी पडले. त्यांची शुश्रूषा करतां करतां हाच आपला व्यवसाय असें त्यांच्या मनानें घेतलें. तेव्हां त्या तिशीला आल्या होत्या. टूटिंग येथील तापाच्या रुग्णालयांत कांहीं महिने काम करून सप्टेंबर १८९६ मध्यें त्या लंडन हॉस्पिटलांत उमेदवार म्हणून दाखल झाल्या.

हें हॉस्पिटल व्हाइटचॅपलच्या दरिद्री वस्तींत होतें, आणि मेट्रन मिस ल्यूकेस शिस्तीच्या मोठ्या कडक. अंथरुणें घालणें, रोग्यांस न्हाऊं घालणें, पट्ट्या बांधणें, आणि थकल्या अंगानें व्याख्यानांस बसणें, असा दोन वर्षांचा क्रम होता. १८९७ सालीं मेडस्टन गांवीं दूषित पाण्यामुळें विषमज्वराची साथ आली. सुमारें १९०० लोक आजारी पडले व १३२ दगावले. लंडन हॉस्पिटलनें तेथें ज्या परिचारिका धाडल्या त्यांत मिस कॅव्हेल होत्या, व या सेवेबद्दल त्यांस पदक मिळालें.

असें असूनही मेट्रनबाईंचा शेरा कांहीं अनुकूल पडला नाहीं. बुद्धि आहे पण कळकळ बेताची, आणि वेळेवर येण्याची संवय नाहीं, असा त्याचा आशय होता. शेरा अगदींच निराधार असेल असें आम्हांस वाटत नाहीं. मेट्रनबाई माणसें पारखण्यांत जुन्या होत्या. पण पदक व शेरा दोन्ही एकाच उमेदवारीच्या काळांतले, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पुढें लंडनमध्यें सेंट पॅन्क्रस व शोर्डिच येथील गोरगरिबांच्या रुग्णालयांत त्यांनीं काम केलें. शोर्डिच येथें तर बऱ्या होऊन गेलेल्या रोग्यांच्या घरीं जाऊन त्या त्यांची विचारपूस करीत.

१९०७ सालीं डॉक्टर आंत्वान देपाज यांनीं ब्रुसेल्स येथें परिचारिकांची शाळा काढली व तिची धुरा मिस कॅव्हेल यांजकडे दिली. त्या देशांत शुश्रूषेचें काम बहुतेक मठवासिनींकडे असे. कुलीन घरच्या मुलीनें पगार घेऊन रोग्यांची सेवा करणें म्हणजे घराण्यास बट्टा, अशी समजूत होती. (आमच्या कांहीं पालकांस ही समजूत अगदींच परकी वाटणार नाहीं.) पुढें राणी एलिझाबेथ यांचा हात मोडला असतां त्यांनीं याच शाळेची परिचारिका मागविली, तेव्हां लोकांचीं तोंडें बरींचशीं बंद झालीं. मिस कॅव्हेल न्याहारीच्या वेळीं आपलें घड्याळ टेबलावर मांडून बसत. २ मिनिटांहून अधिक उशीर करणारीस विश्रांतीचे २ तास गमवावे लागत. मिस ल्यूकेस यांनीं हें पाहिलें असतें तर!

१९१४ च्या ऑगस्टांत महायुद्ध पेटलें तेव्हां त्या इंग्लंडांत आईपाशीं होत्या. तेथें न राहतां त्या ब्रुसेल्सला परतल्या. शहर जर्मनांच्या हातीं गेलें. जखमी शत्रूचा असो वा मित्राचा, शुश्रूषा सारखीच होई. परंतु लपून राहिलेल्या सुमारें २०० दोस्त सैनिकांस निसटण्यासही त्यांनीं साह्य केलें. ऑगस्ट १९१५ मध्यें त्यांस अटक झाली. चौकशींत त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं. १२ ऑक्टोबर १९१५ रोजीं पहांटे त्यांस गोळी घालण्यांत आली.

त्याच्या दोन दिवस आधीं त्यांनीं तुरुंगांतून आपल्या परिचारिकांस पत्र लिहिलें. शाळा उघडली त्या दिवशीं ४ च उमेदवार होत्या, आतां ५० ते ६० आहेत, याचें समाधान त्यांत होतें. आपण कधीं फार कडक वागलों असूं, कोणाच्या मनांत कांहीं राहिलें असेल तर क्षमा करावी, असें त्यांनीं विनविलें होतें. आणि आपली सर्वांवरील माया त्यांस वाटली त्याहून पुष्कळ अधिक होती, हें कळविलें होतें.