खोलवरचा खडक का तुटतो? हे गणित मांडणारा माणूस विमानं बनवायचा!

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली, परभणी, नांदेडमधली जमीन हादरली आणि लोक घराबाहेर पळाले. तीव्रता ४.५, केंद्र हिंगोली जिल्ह्यात. १९९९ पर्यंत हिंगोलीचा हा भाग परभणी जिल्ह्यातच होता. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात तर जमिनीतून येणारे आवाज ही जुनी गोष्ट. ज्यांनी १९९३ चं किल्लारी पाहिलंय, त्यांच्या पोटात अशा वेळी गोळा येतोच.

आपल्या पायाखाली काळा बेसॉल्ट, त्याखाली त्याहून जुना खडक. इतका टणक दगड तुटतो तरी कसा? याचं पहिलं नीट उत्तर दिलं अ‍ॅलन अर्नॉल्ड ग्रिफिथ या ब्रिटिश इंजिनियरनं. त्याला भूकंपाशी काही देणंघेणं नव्हतं.

ग्रिफिथचा जन्म १८९३ चा, लंडनचा. लिव्हरपूल विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकला आणि १९१५ मध्ये फार्नबरोच्या सरकारी विमान कारखान्यात लागला. पहिलं महायुद्ध सुरू होतं. विमानाच्या भागांवर कुठे किती ताण येतो, हे तो आणि जी. आय. टेलर चक्क साबणाच्या पातळ पडद्यांवरून मोजायचे.

तिथेच त्याला एक प्रश्न छळू लागला. काचेच्या अणूंमधली ओढ पाहिली तर काच प्रचंड मजबूत असायला हवी. मग ती इतक्या सहज का फुटते? त्यानं काच तापवून तिचे धागे ओढले आणि एकेक धागा ताणून तोडला. धागा जितका बारीक, तितका मजबूत! केसाहून कितीतरी बारीक असलेला धागा जाड काचेच्या जवळपास २० पट ताण सोसत होता.

त्यानं निष्कर्ष काढला, की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांचा आहे. बारीक धाग्यात मोठी चीर मावतच नाही.

आता मुख्य गणित. चीर वाढते तेव्हा दोन नवे पृष्ठभाग तयार होतात आणि त्यासाठी ऊर्जा लागते. दुसरीकडे, चिरेच्या आजूबाजूचा ताणलेला भाग सैल होतो आणि ऊर्जा मोकळी होते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चापेक्षा जास्त झाली, की चीर आपोआप धावत सुटते. चीर चौपट लांब असेल, तर निम्म्याच ताणाला तुकडा पडतो. हा निबंध १९२१ मध्ये छापून आला, तेव्हा तो २७-२८ वर्षांचा होता.

खडकासाठी महत्त्वाचा आहे तो १९२४ चा दुसरा निबंध. जमिनीखाली तर खडक सगळीकडून दाबला जातो, मग चीर उघडेल कशी? ग्रिफिथनं दाखवलं, की बाहेरून दाब असला तरी तिरप्या चिरेच्या टोकाजवळ ओढच तयार होते. त्याच्या हिशोबानं असा पदार्थ ओढीपेक्षा दाबाला आठपट टिकतो. प्रत्यक्ष खडकांत हा आकडा बराच बदलतो, कारण चिरा मिटतात आणि घर्षणही येतं. पण सुरुवात इथूनच झाली.

पुढे त्याचं हे काम थांबलं. प्रयोगशाळेत गॅसची शेगडी रात्रभर चालू राहिली, आग लागली आणि वरिष्ठांनी काचेचा नाद सोडायला लावला, असं सांगतात. तो इंजिनांकडे वळला. १९२६ मध्ये टर्बाइनच्या पात्यांवर त्यानं मूलभूत निबंध लिहिला. पण तरुण फ्रँक व्हिटलची जेट इंजिनाची कल्पना त्याच्याकडे तपासायला आली, तेव्हा त्यानं तिच्यातल्या चुका दाखवल्या आणि सरकारनं हात आखडता घेतला. खडकाच्या गोष्टीत हे विषयांतर आहे, पण इतका हुशार माणूस इथे कमी पडला, हे लपवण्यात अर्थ नाही. १९३९ मध्ये तो रोल्स-रॉइसमध्ये गेला, १९६० ला निवृत्त झाला आणि १९६३ मध्ये वारला.

चारच वर्षांनी, डिसेंबर १९६७ मध्ये, कोयना हादरली.

आज खोल खडकाचं संगणकावर मॉडेल करतात, तेव्हा खडकाचे हजारो बारीक चौकोन पाडतात. प्रत्येकाला तापमान, दाब आणि पाण्याचा जोर देतात. उष्णता इथे गुपचूप काम करते: खडकातली वेगवेगळी खनिजं सारखी फुगत नाहीत, त्यामुळे कणांच्या सीमेवर ताण येऊन नव्या चिरा पडतात. फटींतलं पाणी तापलं आणि त्याला निसटायला वाट नसली, की ते चिरा आतून ढकलतं. एक चौकोन कमजोर झाला, की त्याचा भार शेजाऱ्यावर पडतो. चीर कधी धावणार, याच्या मुळाशी मात्र ग्रिफिथचाच ऊर्जेचा हिशोब असतो.

अडचण माहितीची आहे. खाली किती चिरा आहेत, खडक किती तापलाय, हे वरून पाहून कळत नाही. म्हणून कराडच्या केंद्र सरकारी प्रयोगशाळेनं कोयनेजवळ गोठणे इथं ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर खाली जुना ग्रॅनाइटसारखा खडक लागला. त्याचे नमुने, तापमान आणि ताणाची मोजमापं या मॉडेलांना खरे आकडे पुरवतात. या आकड्यांवरून भूकंपाची तारीख सांगता येत नाही. कोणता खडक किती भार सोसेल, एवढंच कळतं.