नकाशावर नसलेला देश विकणारा माणूस: ग्रेगर मॅकग्रेगरची गोष्ट आणि तुमच्या इनबॉक्समधला मेल

बँकेचा लोगो, सरकारी थाटाची भाषा, खाली कुठल्याशा अधिकाऱ्याचं नाव आणि मजकूर एवढाच की आज रात्रीपर्यंत केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद. असा मेल किंवा मेसेज आला नाही असा माणूस आता शोधूनही सापडणार नाही.

आपल्याला वाटतं की हे सगळं इंटरनेटमुळे सुरू झालं. पण टेलिफोनसुद्धा नव्हता त्या काळात एका माणसाने हीच युक्ती वापरून चक्क अख्खा देश विकला होता. जो देश मुळात अस्तित्वातच नव्हता. त्या माणसाचं नाव ग्रेगर मॅकग्रेगर.

आधी तो खरोखरच लढवय्या होता

मॅकग्रेगरचा जन्म 1786 सालचा, स्कॉटलंडमधला. सोळाव्या वर्षी, म्हणजे 1803 मध्ये तो ब्रिटिश सैन्यात गेला. त्या काळी तिथे वरचा हुद्दा पैसे मोजून घेता यायचा. यानेही कॅप्टनचा हुद्दा तसाच मिळवला. 1805 मध्ये एका ॲडमिरलच्या मुलीशी लग्न केलं आणि सासरच्या पैशावर ऐटीत राहू लागला. 1811 मध्ये बायको वारली आणि पैशाचा ओघ आटला.

मग 1812 मध्ये गडी थेट व्हेनेझुएलाला पोहोचला. तिथे स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई पेटली होती. त्याने नावाआधी सर लावलं, सैन्यात जागा मिळवली आणि सिमोन बोलिव्हारच्या नात्यातल्या होसेफा लोवेराशी लग्न केलं. 1816 मध्ये शत्रू मागावर असताना त्याने आपलं सैन्य 34 दिवस लढत लढत सुखरूप मागे आणलं. या पराक्रमाने त्याचं नाव झालं आणि तो जनरल म्हणून ओळखला जाऊ लागला.

1819 मध्ये मात्र पोर्टोबेलो आणि रिओ दे ला आचा या दोन मोहिमांत तो आपल्याच माणसांना संकटात टाकून निसटला. पण लंडनमधल्या सामान्य माणसाच्या कानावर पोहोचलं होतं ते शौर्य.

हा मुद्दा लक्षात ठेवा. फसवणूक कधीच शंभर टक्के खोटी नसते. मॅकग्रेगर जनरल होता हे खरं होतं. फसव्या मेलमध्येही तुमचं नाव खरं असतं, बँकेचं नाव खरं असतं, कधीकधी खातेक्रमांकाचे शेवटचे आकडेही खरे असतात. या खऱ्या माहितीच्या आडून खोटं आत शिरतं.

कागदावर उभा राहिलेला देश

1820 मध्ये मध्य अमेरिकेतल्या मॉस्किटो किनाऱ्याच्या राजाने मॅकग्रेगरला सुमारे 80 लाख एकर जमीन लिहून दिली. बदल्यात राजाला मिळाली रम आणि दागिने. आजच्या होंडुरासमधला हा भाग म्हणजे जंगल, दलदल आणि डास.

1821 मध्ये मॅकग्रेगर लंडनला परतला आणि आपण पोयाइस नावाच्या देशाचे प्रमुख आहोत असं सांगू लागला. मग त्याने देशाला लागणारी सगळी कागदपत्रं तयार केली. राज्यघटना, सैन्याचे गणवेश, कचेऱ्या, जमिनीचे दाखले आणि पोयाइस डॉलरच्या छापील नोटासुद्धा. देशाची माहिती देणारं 350 हून जास्त पानांचं एक पुस्तकही निघालं. त्यावर लेखक म्हणून नाव होतं थॉमस स्ट्रेंजवेज, पण असा कोणी लेखकच नव्हता. पुस्तकात सुपीक जमीन होती, सोनं सापडणाऱ्या नद्या होत्या आणि देखणी राजधानी होती.

लोकांनी शंका घेतली नाही असं नाही. पण शंका आली की ते बघायचे काय? पोयाइसची कचेरी, पोयाइसचं पुस्तक, पोयाइसची नोट. सगळे पुरावे एकमेकांशी जुळायचे, कारण ते एकाच माणसाने बनवले होते.

आजही हेच होतं. मेल खरा आहे का हे बघायला आपण मेलमधल्याच लिंकवर जातो, मेलमध्येच दिलेल्या कस्टमर केअर नंबरवर फोन करतो. समोरून अदबीने उत्तर येतं आणि आपली खात्री पटते. पण ती खात्री चोराने चोराबद्दल दिलेली असते.

आज घ्या, उद्या भाव वाढेल

काळही त्याच्या पथ्यावर पडला. नेपोलियनची युद्धं संपली होती, ब्रिटिश सरकारी रोख्यांवर व्याज कमी मिळत होतं आणि दक्षिण अमेरिकेतले नवे देश 6 टक्के व्याजाने कर्ज उभारत होते. ऑक्टोबर 1822 मध्ये मॅकग्रेगरनेही पोयाइसच्या नावाने 2 लाख पौंडांचं कर्ज बाजारात आणलं. व्याज तेच, 6 टक्के. रांगेत खरे देश उभे असल्यामुळे खोटा देश वेगळा दिसलाच नाही.

जमीन विकायला सुरुवात झाली तेव्हा एकराचा भाव अडीच शिलिंगच्याही आत होता. मग तो टप्प्याटप्प्याने चढवत नेला. थांबलात तर महाग पडेल, ही भीती पुरेशी होती. स्कॉटलंडमध्ये तर आपल्या माणसाने देश उभा केलाय या अभिमानावर जमीन विकली गेली.

जहाज निघालं

सप्टेंबर 1822 मध्ये लंडनहून पहिलं जहाज सुटलं. त्यात साधारण 70 माणसं होती. जानेवारी 1823 मध्ये स्कॉटलंडच्या लीथ बंदरातून दुसरं जहाज निघालं, त्यात जवळपास 200. शेतकरी होते, कारागीर होते, मुलाबाळांसह निघालेली कुटुंबं होती. सरकारी नोकरी पक्की झाली म्हणून निघालेलेही होते. एका चांभाराला तर राजघराण्याचा चांभार म्हणून नेमणूक मिळाली होती. अनेकांनी आयुष्यभराची कमाई, खरे पौंड देऊन पोयाइस डॉलरमध्ये बदलून घेतली होती.

किनाऱ्यावर उतरल्यावर ना बंदर दिसलं, ना शहर. फक्त जंगल होतं. पावसाळा सुरू झाला, मलेरिया आणि पीतज्वराने माणसं पडू लागली. त्या चांभाराने आत्महत्या केली. 1823 च्या मे महिन्यात बेलीझहून आलेल्या एका जहाजावरच्या लोकांनी त्यांना सांगितलं की पोयाइस नावाचा देशच नाही. उरलेल्यांना बेलीझला नेलं, पण तिथेही मृत्यू थांबले नाहीत. गेलेल्या सुमारे 270 पैकी किमान 180 जण मेले. ब्रिटनला परतले ते 50 हूनही कमी.

बळी पडलेलेच त्याच्या बाजूने

यातला सगळ्यात चक्रावणारा भाग पुढे आहे. परत आलेल्यांपैकी काहींनी मॅकग्रेगरची बाजू घेतली. त्यांच्या मते दोष त्याच्या हाताखालच्या लोकांचा होता. एवढं सगळं गमावल्यावर, ज्याच्यावर विश्वास ठेवला तोच खोटा होता हे मान्य करणं फार जड जातं.

म्हणून तर आजही फसलेला माणूस गप्प बसतो, किंवा गेलेले पैसे परत मिळतील या आशेने त्याच भामट्याला प्रोसेसिंग फी म्हणून आणखी पैसे पाठवतो. घरात कोणी फसलं तर आधी त्याला बोल लावू नका. तो लाजेपोटी गप्प राहिला तर फायदा चोराचाच आहे.

मॅकग्रेगर तोवर फ्रान्सला गेला होता. तिथेही त्याने पोयाइस विकायला काढलं. पण माणसं या न ऐकलेल्या देशात जाण्यासाठी पासपोर्ट मागू लागली तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्यांना संशय आला आणि जहाज बंदरातच रोखलं गेलं. डिसेंबर 1825 मध्ये त्याला अटक झाली, पण 1826 मध्ये तो निर्दोष सुटला. 1838 मध्ये होसेफा वारल्यावर तो व्हेनेझुएलाला परतला. जुन्या लढाईची आठवण ठेवून तिथल्या सरकारने त्याला नागरिकत्व आणि पेन्शन दिलं. 1845 मध्ये कॅराकसला तो वारला आणि लष्करी इतमामात त्याचा दफनविधी झाला. पोयाइससाठी त्याला कधीच शिक्षा झाली नाही.

आता तुमच्याकडे मेल आला तर?

फ्रान्समध्ये जे घडलं तेच तुम्हाला करायचंय. त्या अधिकाऱ्यांनी पोयाइसची कागदपत्रं बघून निकाल दिला नाही, त्यांनी स्वतःची चौकशी केली.

- मेलमधली लिंक आणि नंबर दोन्ही सोडा. बँकेचं ॲप स्वतः उघडा, किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा.
- लिंकमध्ये बँकेचं नाव दिसलं म्हणून ती बँकेची होत नाही. सुरुवातीचं एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेषा सोडून द्या. त्यापुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी जे असतं, तो खरा पत्ता. भारतातल्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन हे वेगळं डोमेन ठरवलं आहे.
- पत्त्याशेजारचं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. ते फक्त माहिती वाटेत कोणी वाचणार नाही एवढं सांगतं, समोर कोण बसलंय ते सांगत नाही. पोयाइसची नोटही सुबकच छापलेली होती.
- पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार.
- ओटीपी कोणालाही सांगू नका. डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही गोष्ट भारतीय कायद्यात नाही.
- घाई करायला लावणारा मेसेज आला की मुद्दाम दहा मिनिटं थांबा आणि घरातल्या एकाला तरी तो दाखवा.

आणि पैसे गेलेच, तर लगेच 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत तक्रार पोहोचली तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

लीथहून निघालेल्या माणसांना खरं काय ते कळायला समुद्रापलीकडे जावं लागलं. तुम्हाला त्यासाठी एक फोन पुरतो, फक्त नंबर तुम्ही स्वतः शोधलेला असला पाहिजे.